चार पॉइंट सतरा

संसदेची समिती आली त्या दिवशी
सर्किट हाऊसच्या पोर्चमध्ये फेटेवाला उभा होता.
बारा खासदार, बारा फेटे,
एखादा सैल, एखादा थेट कानावर उतरलेला.
विषयपत्रिकेवर लिहिलेलं :
माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचे नवे नियम, आढावा.
वेळ दोन तास.
चारला अंबाबाईचं दर्शन.

मी सैनिक कल्याण कार्यालयातली कनिष्ठ लिपिक,
त्या दिवसापुरती दुभाषी.
डाव्या हाताला अनुबाई मगदूम, तालुका गडहिंग्लज.
मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात नवरा :
डिस्चार्ज बुक, दोन पदकं,
बहिरेपणाचा दाखला
आणि कानाचं मशीन,
ज्यातला सेल संपला त्याला तीन वर्षं झाली.

"तोफंनं कान खाल्लं त्येंचं," त्या म्हणाल्या.
"घरी आलं तवा कुकरची शिट्टी बी ऐकू येईना.
भात करपायचा, आन् ह्ये हसायचं."
मी हिंदीत सांगितलं, श्रवणशक्तीचा ऱ्हास.
भात राहिला.
हसणंही राहिलं.

जुन्या नियमात होतं : सेवेत असताना.
नव्यात आहे : सेवेमुळे.
सातवीत शब्दयोगी अव्ययं पाठ केली होती आम्ही,
मुळे, साठी, शिवाय, विना,
एका दमात, छडीच्या भीतीनं.
त्यातलं एखादं माणसाची निम्मी पेन्शन
कापू शकतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

मंत्रालयाचे साहेब सौम्य आवाजात म्हणाले,
ऐकू कमी येणं वयानंही होतं.
तोफेमुळेच झालं, याचा काही कागद?

मी मराठीत सांगितलं.
अनुबाईंनी डब्याचं झाकण लावलं.
"तवा तोफंकडं पावती मागायची व्हती व्हय?"

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं,
एकही शब्द सरकारी न करता.
मागं पाण्याच्या बाटल्या मांडणारा शिपाई थांबला.
अध्यक्षांनी फेटा काढला, टेबलावर ठेवला,
कपाळावर त्याचा लाल वळ.
म्हणाले, परत एकदा सांगा.
त्यांनी परत सांगितलं. तेवढंच. आवाज न चढवता.

दर्शनाला साडेचार झाले.

अहवाल आला अकरा महिन्यांनी, दोनशे बारा पानं.
मी जेवणाच्या सुट्टीत, भाकरी एका हातात धरून,
पावती शोधत होते. तोफ शोधत होते.
परिच्छेद ४.१७ मध्ये सापडलं :
"एका निवेदकाने पुराव्याच्या अनुपलब्धतेकडे
समितीचे लक्ष वेधले.
सिद्धतेचा भार सैनिकावर नसावा, अशी शिफारस."
त्याखाली तिरप्या अक्षरात मंत्रालयाचं उत्तर :
नोंद घेतली आहे. बाब विचाराधीन.

नोव्हेंबरात त्या हयातीचा दाखला द्यायला आल्या.
अंगठा तीनदा लावला, यंत्राला पटेना
की ह्या जिवंत आहेत.
चौथ्यांदा उमटला.
मग मी परिच्छेद वाचून दाखवला.

"माझं नाव हाय?"
नाही.
"त्येंचं?"
नाही. निवेदक म्हटलंय.
"म्हंजे?"
सांगणारी.
त्यांनी जरा वेळ खिडकीकडं बघितलं,
बाहेर कुणाची तरी जीप सुरू होत नव्हती.
"मग बरोबर हाय की," म्हणाल्या.

डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला
गॅसचा नंबर होता, डेअरीचा खाते क्रमांक,
एका भाच्याचा मोबाईल.
त्याखाली माझ्याकडून मार्करनं लिहून घेतलं : ४.१७.
बँकेत साहेब काही बोलला तर दाखवायला.

मी म्हटलं, सहा महिन्यांनी समिती पुन्हा विचारणार आहे
मंत्रालयाला, काय केलंत म्हणून.
अध्यक्ष बदललेत, हे नाही सांगितलं.

दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.
"ह्या मशीनचा सेल कुठं मिळंल गं?
पुढच्या येळी त्येंला बी घिऊन येतो.
काय म्हणत्यात, ऐकू दे."

मी बिंदू चौकातलं घड्याळाचं दुकान सांगितलं.
दुपारी एक ते चार बंद असतं, हेही.